रुमालावरचं सोनं

दसऱ्याला मिळालेली आपट्याची पानं आपण टाकून देत नाही, आणि तशी जपूनही ठेवत नाही. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात नाहीतर लॅपटॉपच्या बॅगेत पडून राहतात आणि मार्चमध्ये पेन शोधताना हाताला लागतात. आमच्या राजाजीनगरच्या मराठी मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. बेंगळुरूत येऊन मला अकरा वर्षं झाली. खरं सांगते, या शहरात मी टिकले ती या मंडळींमुळे, आणि त्यांतही श्रीपादअण्णांमुळे.

अण्णा म्हणजे कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेले. त्यांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे, की त्यांच्या मराठीत निम्मं कानडी कधी मिसळलं ते त्यांनाही माहीत नाही. मंडळाच्या अंगणात त्यांनी लावलेलं आपट्याचं एक झाड आहे, आणि आमचा अख्खा दसरा त्या एका झाडावर चालतो.

*

माझा इथला पहिला दसरा. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायची, ऑफिसही तिथंच. कॅम्पसमध्ये गुलाबी फुलांची ओळीनं झाडं होती आणि पानं थेट आपट्यासारखी, मधून दुभंगलेली. फक्त तळहाताएवढी मोठी. मला वाटलं, इथली हवा मानवली असेल! पिशवीभर पानं तोडली, दोन बस बदलल्या आणि मंडळात पोचले.

पहिलं पान अण्णांना दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, कपाळाला लावलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सरी, बरं. हे तर किलोचं सोनं झालं."

मी खूश. पुढची दोन वर्षंही पिशवी भरून नेली.

चौथ्या वर्षी आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या मंजुनाथनं मला पानं तोडताना अडवलं. "मॅडम, ये तो बसवनपाद है. बैल के खुर जैसा पत्ता. आपका सोनावाला पत्ता छोटा होता है."

म्हणजे मी तीन वर्षं सगळ्या मंडळाला कांचनाची पानं वाटत होते! तडक अण्णांना फोन लावला. "अण्णा, तुम्ही बॉटनीचे. तुम्हाला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार."

"कळलं की."

"मग सांगितलं का नाही?"

"दोन बस बदलून आणलेलं सोनं कोण पारखत बसतं?" अण्णा म्हणाले. "आणि कांचन काही परका नाही. आपट्याचाच चुलत भाऊ तो."

*

झाड एक आणि माणसं वाढत चाललेली, म्हणून अण्णांचा नियम आहे. एका घराला सात पानं. तीही ओरबाडायची नाहीत. दसऱ्याच्या दुपारी अण्णा स्वतः, स्वतःच्या कात्रीनं, झाडाला सोसेल तेवढंच कापणार. ती कात्री एरवी त्यांच्या घरी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली असते. एकदा सेक्रेटरींनी नवी चांगली कात्री आणून दिली. अण्णांनी तिनं मंडळाच्या एका कार्यक्रमाच्या उद्घाटनाची फीत कापली आणि परत दिली.

सात पानांत सगळ्यांना कसं पुरायचं? तर मिळालेलं पान पुढच्याला द्यायचं. एकेक पान संध्याकाळभर दहा हात फिरतं. एका वर्षी मी दिलेलं पान मलाच परत आलं. कडेला माझ्याच लिपस्टिकचा डाग होता.

*

रोहन आणि सायली मारतहळ्ळीचे, नवीन लग्न झालेलं. एकदा त्यांनी अ‍ॅपवरून आपट्याची पानं मागवली. प्लॅस्टिकच्या डबीत दहा पानं आणि वर स्टिकर. अण्णांनी चष्मा लावून स्टिकर वाचला.

"सोन्याला एक्स्पायरी डेट? परवापर्यंतच?"

पुढच्या वर्षी बिचारे चार वाजताच निघाले. रिंग रोडवर असे अडकले, की पोचले तेव्हा सतरंज्यासुद्धा गुंडाळून झाल्या होत्या. झाडाखाली खुर्ची टाकून अण्णा एकटे बसले होते, मांडीवर सात पानं. सायलीला रडू आवरेना. अण्णा म्हणाले, "रडतीस काय? बस, चकली खा स्वल्प. तुमच्यासाठी लपवून ठेवलीय."

*

आता मुकुंदराव. अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ, राजाजीनगरलाच कापडाचं दुकान. मी यायच्या आदल्या वर्षी गणपतीचा मांडव घालताना पत्रा बसेना, म्हणून मुकुंदरावांनी न विचारता आपट्याची सगळ्यात मोठी फांदी तोडली. अण्णा आले, त्यांनी पाहिलं, आणि चारचौघांत म्हणाले, "मुकुंदा, आजपासून या झाडाला हात लावायचा नाही."

झालं. दोघांचं बोलणं बंद. पण मुकुंदराव थोरल्या भावाचा शब्द मोडणारे नव्हेत. हात लावायचा नाही म्हणजे नाही, पानालासुद्धा नाही. दसऱ्याला ते मंडळात यायचे, आपण पान पुढं केलं की खिशातून पांढरा रुमाल काढून पसरायचे. "ठेवा यावर." आणि पानाला न शिवता रुमाल पुढच्याच्या हातावर उलटा करायचे.

मी विचारलं, "मुकुंदराव, हे किती दिवस?"

"अण्णा सांगतील तोवर."

अण्णा हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून हे सगळं बघायचे आणि काही सांगायचे नाहीत.

एका दसऱ्याला अण्णांनी भाषणात आपट्याची माहिती दिली. आपटा आणि कांचन एकाच कुळातले, त्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव बाउहिनिया, आणि हे नाव दोन सख्ख्या भावांवरून ठेवलंय. कारण पान एक आणि पाळ्या दोन. मुकुंदरावांकडे बघायचं नाही म्हणून आम्ही सगळे पंख्याकडे बघत बसलो. अण्णांना आपण काय बोललो ते बहुधा बोलून झाल्यावर कळलं. ते चष्मा पुसत खाली बसले.

*

माझी आई गेली त्या वर्षी मी दसऱ्याला गेले नाही. वर्षभर सण नाही, म्हणून मंडळाच्या ग्रुपवरही शुभेच्छा टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अण्णा. शहात्तराव्या वर्षी राजाजीनगरहून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत बसनं आलेले.

"सोनं देत नाही," ते म्हणाले आणि हातावर आपट्याची एक वाळकी शेंग ठेवली. "हे बी आहे. बीला दुखवटा नसतो."

त्यानंतर अर्धा तास बसले, आईविषयी एक अक्षर न काढता उपमा खाल्ला आणि गेले. त्या बीचं झाड बाल्कनीतल्या कुंडीत माझ्या गुडघ्याएवढं झालंय. त्याला पाणी घालताना मी रोज अण्णांचे आभार मानते. त्यांना सांगितलं तर म्हणतील, पाणी कमी घाल.

*

गेल्या दसऱ्याच्या आधी अण्णा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी पलंगावर होते. पानं कोण कापणार? सेक्रेटरी दोनदा कात्री मागायला जाऊन आले. अण्णा म्हणाले, "कुणाला द्यायची ते मी बघतो." आणि दिली नाही. शेवटी शेजारच्या फुलवाल्या गिरिजाक्कांकडून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घ्यायचं ठरलं. मंडळाचा पहिला दसरा, ज्यात अण्णा नाहीत आणि आपटाही नाही. माझा तर जायचा उत्साहच गेला होता.

दुपारी मी अण्णांच्या घरी बसले होते. दार उघडंच होतं. मुकुंदराव आत आले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात. हातात एक पान, तळहाताएवढं.

ते पलंगाशी वाकले, पाया पडले आणि पान पुढं केलं. "अण्णा, सोनं घ्या."

अण्णांनी पान घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "हा कांचन आहे."

"हो. दुकानासमोरचा."

"तुला आपटा आणि कांचनातला फरक कळत नाही?"

"कळतो," मुकुंदराव म्हणाले. "पण आपट्याला हात लावायचा नाही ना मला."

मी उठून स्वयंपाकघरात जावं की नाही या विचारात तशीच बसले. मग अण्णांनी पान कपाळाला लावलं, चार घड्या घातल्या आणि उशीखाली ठेवलं.

"कपाटावर पिवळ्या फडक्यात कात्री आहे. घराला सात पानं. वरची फांदी स्वल्पच काप."

मुकुंदरावांनी कात्री काढली. दारापर्यंत गेले तेव्हा अण्णांनी मागून हाक मारली.

"मुकुंदा, तो रुमाल इथं ठेवून जा."