तळातलं वरण

पैलवानकाका कोणालाही भेटले की रामराम म्हणायच्या आधी त्याचा दंड दाबायचे. बाजारात काकडी दाबून बघावी तसा. मग क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचे. "बिस्किटावर जगून राहिला हा." किंवा, "मायच्या हातचं खातेस पोरी, पण पातळ खातेस." यातून गल्लीतल्या नव्या जावयाची सुटका नव्हती की पोस्टमनची. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना समोरून येताना पाहिलं की लोक हात पाठीमागे घ्यायचे.

त्यांचा स्वतःचा दंड मात्र दाबला जायचाच नाही. सत्तरी उलटलेली, मिशी पांढरी, पण सदऱ्याची बाही अजून दंडावर तट्ट बसायची. उभी हयात गांधीबागेच्या बाजारात एका ठोक कापड दुकानात गाठी उचलण्यात गेली आणि पहाट आखाड्यात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकटे राहायचे. खाप्याला एक बहीण होती. दर रविवारी सकाळच्या एसटीने तिच्याकडे जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. आणि येताजाता कोणी भेटलं की स्वतःच्या दंडावर थाप मारून सांगायचे, "हे सगळं डाळीचं हाय बरं का. अंड्याले कधी हात नाही लावला."

आता हे त्यांना कोणी विचारलेलं नसायचं. आणि न विचारता जो सांगतो, त्याच्यावर आमच्या घरात आधी संशय घेतात. घराचं वळणच तसं. आई दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय पातेलं आत नेत नाही. बाबा एका दुकानातून औषध घेतात आणि दुसऱ्या दुकानात जाऊन ते खरं आहे का, विचारतात. मीही त्यांचीच मुलगी. विमा कार्यालयात नोकरी करते, तिथे तर संशयाचाच पगार मिळतो. तेव्हा गल्लीने जरी पैलवानकाकांचा दंड वरणाच्या खाती मांडला, तरी आई म्हणायची, "वरणावर असं अंग होत नाही. काहीतरी भानगड आहे."

मग बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण जखम काही भरेना. मांड्या काटकीसारख्या झाल्या. उठून बसवलं की मान खाली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या अंगात प्रोटीनच नाही. जखम कशाच्या जोरावर भरणार? रोज दोन अंडी सुरू करा, नाहीतर हे अंथरुणावरून उठणार नाहीत." जन्मात अंडं न शिवलेले बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नाही उठलो तर नाही उठलो." मग मी पावडरचा डबा आणला. आईने त्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली आणि त्यात नक्की काय असतं ते समजत नाही म्हणून मान हलवली. बाबांनी झाकण उघडून हुंगलं आणि डबा परत केला. तो फळीवर गेला. मला रात्रंदिवस एकच भीती वाटायला लागली, की हा माणूस आता पुन्हा उभा राहत नाही.

या सगळ्यात आमचं काय चुकत होतं, ते पैलवानकाकांनी पहिल्या भेटीत पकडलं. समाचाराला आले, सवयीने बाबांचा दंड दाबला, आणि पहिल्यांदाच निकाल सांगितला नाही. त्यांची नजर उशाजवळच्या वाटीवर गेली.

"वैनी, हे काय पाजून राहिल्या तुम्ही त्याले?"

"वरणाचं पाणी," आई म्हणाली. "आजारी माणसाला जड नको. सगळा कस पाण्यातच उतरतो ना."

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. आजाऱ्याला वरणावरचं निवळ पाणी, हळद-हिंगाचं, वर तुपाचा थेंब. डाळ खाली राहते, ती धडधाकट माणसं खातात. काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यात पळी थेट बुडाशी नेली.

"ताकद जड असते वैनी, ती तळात बसते. वर तं फक्त हळद तरंगते. पाणी तुम्ही प्या, डाळ त्याले द्या." मग बाबांच्या पलंगापाशी येऊन म्हणाले, "मी उभा करतो तुमाले, भाऊसाहेब. अंडं नको, डब्बा नको. पण मी म्हणीन ते खायचं."

बाबांनी त्यांच्या दंडाकडे बघितलं. "याचं झालंच ना वरणावर," असं आम्हाला म्हणाले आणि तोंड उघडलं. म्हणजे आता सगळा भार त्या एका दंडावर आला.

दुसऱ्या दिवसापासून काका आमच्या स्वयंपाकघरात घुसले. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही. दुपारी चमचा उभा राहील असं वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी. चार वाजता फुटाणे आणि शेंगदाणे, बाबांचे दात हलतात म्हणून खलबत्त्यात कुटून. रात्री कधी बेसनाच्या पातोडीचा रस्सा, कधी कढीगोळे, हरभऱ्याच्या डाळीचे लिंबाएवढे गोळे घट्ट दह्याच्या कढीत सोडलेले. तुरीच्या शेंगा बाजारात आल्या तशी सोल्यांची, म्हणजे ओल्या तूरदाण्यांची, आमटी सुरू झाली. भाकरीशिवाय डाळ ते खाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "डाळीले एकटी नाही पाठवायचं. सोबत भाकर द्यायची. एकटी गेली तं अर्धं काम टाकून वापस येते." बाबांनी एकदा साबुदाण्याची खिचडी मागितली, तर काका दुखावल्यासारखे झाले. "पोट तं पोह्यानंही भरते, भाऊसाहेब. पोट भरणं आन् माणूस भरणं वेगळं. साबुदाणा खाऊन कोणी कुस्ती मारली काय?"

पोटात वारा धरायचा तो भाग सांगत नाही. ओवा आणि हिंग आमच्या घरात त्या हिवाळ्यात जेवढा लागला, तेवढा माझ्या आठवणीत कधी लागला नव्हता.

आईचा संशय काही स्वस्थ बसला नाही. काका डाळ आणायचे तर ती खिडकीत ताट घेऊन बसायची आणि तुरीत लाखोळीची हलकी डाळ मिसळलेली नाही ना, ते दाणा दाणा बघायची. काकांना राग येत नसे. "असाच शक पाहिजे बाईले," म्हणायचे. पण त्यांची पाठ वळली की ती मला म्हणायची, "हा स्वतः काय खातो, ते आपल्याला दिसतं का?" आणि बाबाही जेवत होते ते बेतानेच. चार घास खायचे, काकांच्या तोंडाकडे बघायचे आणि वाटी सरकवायचे. जखम होती तशीच होती.

अशात आमच्या कार्यालयात खाप्याचे एक नवे सहकारी आले. बोलता बोलता मी पैलवानकाकांचं नाव काढलं. ते हसायलाच लागले. "त्यांची बहीण आमच्या घरामागंच राहते न. दर रविवारी मटण शिजते, सगळ्या आळीत वास. म्हातारा दोन ताटं मारते आरामात."

घरी येईपर्यंत मी संतापाने नुसती धुमसत होते. ज्या दंडाच्या भरवशावर माझा बाप अंथरुणात हट्ट धरून बसला होता, तो दंडच खोटा! स्वयंपाकघरात जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती कढी ढवळत होती, ढवळतच राहिली.

"माहीत आहे मला," म्हणाली. "मागे सदऱ्याचं बटण लावायला दिलं होतं त्यांनी. बाहीला मटणाच्या सावजी मसाल्याचा वास होता."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांच्याकडे बघून हे चार घास तरी खाऊन राहिले ना? कळलं तर तेही सोडतील. तूही तोंड उघडू नकोस."

मी तोंड उघडलं नाही, डोळे मात्र उघडे ठेवले. पुढच्या रविवारी सकाळी दारापुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसले, काका एसटीला निघालेले बघायला. ते निघाले नाहीत. जेवायच्या वेळी स्वतःची थाळी घेऊन आमच्याकडे आले, बाबांच्या पलंगाला टेकून बसले आणि बाबांना जे वाढलं तेच त्यांनी स्वतःला वाढून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मी विचारलं, "काका, खाप्याला नाही गेलात?" तर दुसरीकडे बघत म्हणाले, "बहिणीशी जरा वाकडं आलं." माझा संशय आणखी वाढला. वाटलं, कुणकुण लागली असणार, आता इथेच कुठेतरी सोय केली असणार. पण रोज जवळून जाताना हुंगलं तरी ओव्याशिवाय कशाचाही वास आला नाही.

याच सुमाराला बाबा नीट जेवायला लागले. एके रात्री कढीगोळे संपवून त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली, तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. ड्रेसिंगला येणाऱ्या माणसाने जखम कडेने भरत असल्याचं सांगितलं. मग ती मिटली. मग एक दिवस बाबा दाराची चौकट धरून उभे राहिले, पाय लटलटत होते, पण उभे. काकांनी त्यांचा दंड दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बोलते हा दंड." आणि तडक अंगणात जाऊन दुपट्ट्याने तोंड पुसत बसले. मला ते तेव्हा जरा नाटकीच वाटलं होतं.

गेल्या वर्षी काकांनीच अंथरूण धरलं. मी रोज डबा घेऊन जायचे. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, एक गोष्ट हाय. तुह्या बापाले नको सांगू."

"खाप्याचं मटण ना?"

ते बघतच राहिले. मग हसले. "विमेवाली शोभतेस. पण सगळं नाही मालूम तुले. या गल्लीत मटण खाणाऱ्या माणसाले कोणी खोली देत नव्हतं. बायकोले घेऊन दारोदार फिरलो. मंग एका दारात सांगून टाकलं, आमी डाळवाले. एकदा सांगितलं तं सांगतच राहा लागलं. कोणाचं नुकसान नव्हतं त्यात. पण तुह्या बापानं माह्या दंडाकडे पाह्यलं न, तवा धडकी भरली मले. डाळीनं माणूस उभा राहते का नाही, मले काय मालूम? तरी जातच होतो. जखम भरेना, तवा मंग खाप्याले जाणं सोडलं. म्हटलं, त्याच्या वाटीत जे, तेच माह्या वाटीत. अंगानं उतरलो तं दोघंही उतरू."

"मग?"

"मंग काय, उतरलो नाही न! मलेच नवल वाटलं." थोडा वेळ धाप लागली. मग म्हणाले, "माह्यं अंग मटणाचं हाय, पोरी. तुह्या बापाचं मात्र अस्सल डाळीचं. त्याच्यात भेसळ नाही."

मी त्यांचा दंड हातात घेतला आणि दाबला. बोटं पार हाडापर्यंत गेली.

"सांग," ते म्हणाले.

"घट्ट आहे काका."

"खोटं बोलून राहिली," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

चार दिवसांनी ते गेले. खाप्याहून बहीण आली, आखाड्यातली माणसं आली. बाबांनी काठी माझ्या हातात दिली आणि पुढे होऊन खांदा दिला. गल्लीपासून चौकात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत मी त्यांच्या पायांकडेच बघत होते, आता लटपटतील, मग लटपटतील. पाय लटपटले नाहीत.

संध्याकाळी आंघोळी करून जेवायला बसलो. बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बहिणीला आधी कळवायला पाहिजे होतं. शेवटी तिच्या हातचं मटण तरी खाऊन गेला असता."

आईची पळी हवेतच थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी संध्याकाळी येऊन उशाशीच बसायचा ना. मिशीला वास यायचा. म्हटलं, हा लबाड मला काय उभं करणार!" बाबा पाणी प्यायले. "मग एका रविवारी वास नाही आला. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा म्हटलं, माझ्यासाठी हा एवढं सोडतो, तर आता मला नीट जेवलं पाहिजे."

बाबांनी डोळे पुसले आणि वाटी आईच्या पुढे केली.

"तळातून दे," म्हणाले.