थैली पलटवा

गेल्या सोमवारी सकाळी सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकने तिच्या स्कूटीला धडक दिली. दुपारी ती गेली.

तेव्हापासून मी वाचायला बसतो आणि उठतो. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला एक पान वाचून होत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

“थैली पलटवा.” रुग्ण समोर बसला की तिचं पहिलं वाक्य हेच. औषधांची नावं सांगू नका, चिठ्ठी दाखवू नका. घरून आणलेली पिशवी टेबलावर उपडी करा. मग गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर सुपारी, देवळातला अंगारा, कधी सदर बाजारातल्या सोनाराची पावती बाहेर पडे. “आजी, हे पण दिवसातून दोनदा घेता का?” ती अंगाऱ्याची पुडी उचलून विचारी.

हृदयरोगाच्या दवाखान्यात ती फिजिशियन असिस्टंट होती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आणि माझ्यासारखंच त्यांना नर्स किंवा डॉक्टर समजला असाल. रुग्णाची हकीकत ऐकणं, तपासणं, डॉक्टरांपुढे नीट मांडणं, त्यांनी ठरवलेलं तडीस नेणं, हे तिचं काम. तीन वर्षं कॉलेजात आणि एक वर्ष वॉर्डात राबून शिकलेलं.

आमच्याच मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात राहायची. रेल्वेतले तिचे वडील एका लग्नात कोणाला तरी सांगत होते, “पोट्टी डॉक्टरच हाय समजा.” ती जेवणाच्या पंगतीतून म्हणाली, “बाबा, समजू नका. मी डॉक्टर नाही.” वडील आठवडाभर बोलले नाहीत.

तिला बसवत नसे. चहासुद्धा चालता चालता. “काहून पळून राहिली?” माझी आई तपासणीला गेली की विचारी. “आजी, बसली की सुचत नाही.”

दोन वर्षांपूर्वी आई महिनाभर नागपूरला बहिणीकडे राहून आली. पुढच्या तपासणीला आईच्या हातांवर निळे डाग होते. “बांगड्या लागल्या,” आई म्हणाली. मीही मान डोलावली.

तिने आईची पिशवी पलटवली. दोन पट्ट्या उचलून शेजारी शेजारी धरल्या. “काका, कंपन्या दोन, औषध एकच. रक्त पातळ करायचं. आजी दुप्पट घेऊन राहिल्या.”

एक नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेली, एक इथली. आईच्या तळहातावर त्यातलीच दुपारची गोळी होती.

“माझी वेळ टळते, डॉक्टरीनबाई.”

“मी डॉक्टर नाही आजी, म्हणूनच सांगते, थांबा.” तिने गोळी काढून घेतली आणि रक्त तपासायला पाठवलं.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ती त्या दाराशी गेली, परत आली, आईची नाडी पाहिली, पुन्हा गेली. मी चिडलो. “तुला कळतं ना? मग तूच लिही, कोणती बंद ते.”

“कळते काका. पण लिहायचं त्यांनी. माझ्या मनानं बंद केलं अन् आजीच्या डोक्यात रक्ताची गाठ गेली तर? मले माझी हद्द माहीत हाय.” आणि ती पुन्हा दाराकडे निघाली. आत निरोप गेला. डॉक्टर हातमोजे काढतच बाहेर आले. तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं. एकही शब्द जास्त नाही. त्यांनी आईला तिथेच भरती केलं. दुसऱ्या रात्रीपर्यंत दुप्पट गोळ्या चालू राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ते आईला कधीच सांगितलं नाही.

घरी सोडताना आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माह्या आधी जाऊ नको कुठं.”

“हव,” ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे वळली.

काल दवाखान्यातून फोन आला. गुरुवारी आईची तपासणी आहे, दुसरं कोणी पाहील. “कोणाचा फोन?” आईने आतून विचारलं. चुकीचा नंबर, मी म्हणालो.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तब्येत चांगली आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही.