कडूबाईंनी उपसलेला समुद्र

पडेगावच्या सुलेखाला उद्या शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ घ्यायचा होता. गोदावरीनं लाखो वर्षं गाळ ओतून समुद्राकाठचा खड्डा कसा भरला, हे दाखवायला ती सकाळपासून कुरडयांच्या पातेल्यात एकाच कडेनं गढूळ पाणी सोडत होती. ती जेवून येईतो सासूबाईंनी, कडूबाईंनी, गव्हाचा चीक खाली बसला समजून वरचं पाणी हलक्या हातानं वाटीनं उपसलं.

“लई काळा गहू आणला गं!”

“आत्याबाई, तो समुद्र होता!”

“असंल. उघडा कशाला ठेवलास?”

सुलेखाला रडूच फुटायचं बाकी होतं. पण पाण्याखाली न दिसणारे गाळाचे उतार आता लख्ख उघडे पडले होते. तिनं पातेलं घाईनं झाकलं.

“हे असंच शाळेत नेते.”

“ने. नोकरी लागो का न लागो, पातेलं घासून आण.”