मुकादमाच्या गावची गाडी

चष्मेवाल्यांचा स्वभाव शांत, असं सबंध गल्ली म्हणायची. गिऱ्हाइकाने चारदा फ्रेम बदलून मागितली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडत नसे. पण या शांत माणसाच्या डोक्यात लग्नाच्या पहिल्या वर्षापासून एकजण ठाण मांडून बसला होता, आणि त्याला त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो होता मुकादम. त्यांची बायको, जिला पुढे सगळे बालवाडीच्या बाई म्हणून ओळखू लागले, लग्नाआधी एक हंगाम डोंगरावरच्या एका गावी द्राक्षं तोडायला गेली होती. कात्रीने बोट कापलं, तेव्हा मुकादमाने रुमाल फाडून पट्टी बांधली आणि दिवसभर तिची टोपली स्वतः वाहिली. हकिकत एवढीच. बाईंनी ती नव्या नवऱ्याला हसत हसत सांगितली आणि विसरूनही गेल्या. चष्मेवाले मात्र विसरले नाहीत. बाई चहाचा कप पुढे करायच्या तेव्हा बोटावरचा बारीक पांढरा वण दिसायचा, आणि लगेच डोळ्यांपुढे उंच, रुंद खांद्यांचा, दाट केसांचा मुकादम उभा राहायचा. उंची, खांदे आणि केस अर्थात चष्मेवाल्यांनीच त्याला बहाल केलेले.

दुकान पुतण्याच्या हाती सोपवलं त्या वर्षी लेकीने दोघांना रेल्वेचे पास आणून दिले. म्हणाली, "बाबा, आईला द्राक्षांच्या मुलखात घेऊन जा. मोटार चालवायची कटकट नाही. खुशाल वाइन प्यायची आणि गाडीत बसून परत यायचं. फक्त मुक्काम कुठे करायचा तेवढं ठरवा."

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मुलखाच्या तोंडाशी जंक्शनचं शहर होतं. तिथून रेल्वेचे तीन फाटे तीन खोऱ्यांत जायचे. बाईंनी नकाशावर फार शोधलं नाही. तिसऱ्या फाट्याच्या टोकाला, डोंगरावरच्या गावावर सरळ बोट ठेवलं. वण असलेलंच बोट.

"इथे राहू या. हवा छान असते."

ते मुकादमाचं गाव, हे चष्मेवाल्यांनी लगेच ओळखलं. पण आवाज त्यांनी दुकानातलाच ठेवला. "तिथली शेवटची गाडी लवकर सुटते. संध्याकाळी बाहेर अडकलो तर? मुक्कामाला जंक्शन बरं. तिन्हीकडे जाता येतं."

"बरं," बाई म्हणाल्या. "जंक्शनला राहू."

आणखी दोन मुद्दे त्यांच्या तोंडात तयार होते, ते तसेच राहिले. बाई भांडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. इतक्या सहज सोडते म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

जंक्शनला स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये खोली मिळाली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर यांची खिडकी. गाड्यांच्या घोषणा अंथरुणात ऐकू यायच्या. पहिल्या फाट्याला नदीकाठचे मळे पाहून झाले. दुसऱ्या फाट्याला दगडी तळघरं आणि ओळीने मांडलेली लाकडी पिंपं. बाई वाइनचा घोट तोंडात घोळवून डोळे मिटायच्या, आणि चष्मेवाल्यांना वाटायचं, मिटलेल्या डोळ्यांसमोर आता कोण असेल? ओतणारा जरा वयस्कर आणि रुंद खांद्यांचा निघाला की ते बाईंच्या आणि त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे.

तिसऱ्या फाट्याचं काही जमत नव्हतं. एकदा चष्मेवाल्यांना ढग दिसले. एकदा त्यांनी त्या मार्गावर दुरुस्ती चालू असल्याचं सांगितलं. धडधडीत थाप होती, कारण तिकडच्या गाडीची घोषणा त्याच वेळी खिडकीतून ऐकू येत होती. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. ते 'बरं' त्यांना शिवीपेक्षा झोंबलं.

मग एका सकाळी बाईंनी ठेवणीतला निळा स्वेटर घातला.

"तुम्ही आज आराम करा. मी एकटीच जरा फिरून येते."

"कुठे?"

"अशीच. संध्याकाळपर्यंत येते."

खिडकीतून निळा स्वेटर रस्ता ओलांडून स्टेशनात शिरताना दिसला. चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. या वयात, एवढ्या संसारानंतर, लेकीने दिलेल्या पासावर! थोडा वेळ ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मग पायात बूट सरकवले, लेस न बांधताच जिना उतरले आणि डोंगराकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीत बसले.

गाडी रमतगमत चढत होती. दोन्ही बाजूंना मळे होते, पण त्यांनी एकही पाहिला नाही. मुकादमाला काय सुनवायचं याची ते उजळणी करत होते. पुन्हा पुन्हा घोकूनही वाक्य काही धड होईना.

वर पोचल्यावर स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्या बाईला त्यांनी विचारलं, "पूर्वी तोडणीवर एक मुकादम होते, ते कुठे भेटतील?"

"आमचे मामा? त्या वळणावरच्या वायनरीत. काम काही नाही आता. चव बघायला लोक येतात त्यांना ओतून देतात आणि गप्पा मारतात."

काउंटरमागच्या उंच स्टुलावर एक बुटका, टकलू म्हातारा बसला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. निळा स्वेटर कुठेच नव्हता. चष्मेवाल्यांनी पडद्यामागेसुद्धा डोकावून घेतलं.

"बसा," म्हातारा म्हणाला आणि ग्लास भरला.

चष्मेवाले बसले नाहीत. "तुमच्या हाताखाली तोडणीला एक मुलगी होती. बोट कापलं होतं तिचं."

"बोटं सगळ्यांचीच कापायची."

"तुम्ही रुमाल फाडून बांधलात."

"रुमाल कुठला? जुन्या चादरीच्या चिंध्या असायच्या माझ्या खिशात. रोज कुणी ना कुणी कापून घ्यायचंच."

"दिवसभर तिची टोपली वाहिलीत तुम्ही."

"वाहिली असेल. काम थांबलं की मालक माझ्या मानेवर बसायचा."

इतकी वर्षं उराशी जपलेल्या वैऱ्याने असं अंग झाडल्यावर चष्मेवाल्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांचं डोकंच सणकलं.

"अहो, विसरता कसं तुम्ही? लांब वेणी होती. हसताना मान अशी डावीकडे कलायची. तिच्याशी बोलताना माणसाला वाटायचं, जगात आपल्याएवढं शहाणं कुणी नाही. अशी मुलगी विसरतं का कुणी?"

आवाज चढला होता. पलीकडे चव घेणारं जोडपं वळून बघू लागलं.

"तुमची कोण ती?" मुकादमाने विचारलं.

"बायको."

म्हाताऱ्याने जाड भिंगांतून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि ग्लास पुढे सरकवला. "ही जरा आंबटसर आहे. पण घ्या."

चष्मेवाल्यांनी ती उभ्याउभ्याच संपवली.

स्टेशनवर परत आले तर बाकावर निळा स्वेटर बसलेला. बाईंनी त्यांच्या सुटलेल्या लेसकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"आराम नाही केलात वाटतं."

"तू कुठे गेली होतीस?"

"वरच्या माळ्यावर. द्राक्षं चिरडायच्या कोठीवर एक माळा होता. आम्ही सगळ्या मुली तिथे झोपायचो. हंगाम संपत आला तशा बाकीच्या घरी गेल्या आणि मी एकटी उरले. माहेरी आम्ही सगळी भावंडं एका खोलीत. नंतर आपलं घर, सासूबाई, लेक, बालवाडी. त्या माळ्याला आतून कडी होती. ती लावली की मला कुणी हाक मारायचं नाही. अजून आहे ती कडी. लावून बसले होते."

"मला का नाही नेलंस?"

"एकटीलाच बसायचं होतं हो."

"आणि मुकादम?"

"कोण मुकादम?"

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा चष्मेवाल्यांना ओळखता यायचा. डोळे तपासताना अक्षर न दिसताही दिसतं म्हणणारी गिऱ्हाइकं त्यांनी जन्मभर पाहिली होती. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यामुळे त्यांची जास्तच पंचाईत झाली. मुकादमाशी निदान भांडता आलं. बायको कडी लावून बसली, याचा राग धरायचा तर धरायचा कुणावर? ज्या खोलीत आपण नाही, तिथे ती सुखात होती, हे त्यांना मुकादमापेक्षा जास्त खुपलं.

तरी दुसऱ्या दिवशी जंक्शनची खोली सोडून दोघं डोंगरावर राहायला आले. सामान चष्मेवाल्यांनीच बांधलं. उरलेल्या सुट्टीत बाई रोज थोडा वेळ माळ्यावर जायच्या आणि हे मुकादमाच्या काउंटरपाशी बसून घड्याळ बघायचे. बसल्या बसल्या त्यांनी त्याच्या चष्म्याची काडी नीट करून दिली.

घरी परतल्यावर लेकीच्या रिकाम्या खोलीला त्यांनी सुतार बोलावून आतून कडी बसवून घेतली. दुपारी चहा झाला की ती कडी लागल्याचा आवाज येऊ लागला. चष्मेवाले बाहेर पेपर उघडून बसतात. आत काय चाललं असेल या विचाराने एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचतात. एकदा त्यांनी दाराला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा जास्तच जळफळाट झाला. पण दार वाजवलं नाही.

परवा शेजारचं नवीन जोडपं विचारायला आलं. त्यांनाही रेल्वेने द्राक्षांचा मुलूख बघायचा होता. मुक्काम कुठे करावा?

"जंक्शनला," चष्मेवाले लगेच म्हणाले. "तिन्हीकडे जाता येतं. फार सोयीचं."

"डोंगरावर एक गाव आहे म्हणतात. ते कसं आहे?"

"तिथे काही नाही बघण्यासारखं," ते म्हणाले, आणि आवाज थोडा खाली आणला, कारण बाई आतल्या खोलीत होत्या.