जिलाली मास्तरांचे बाक

जिलाली मास्तर परवा वारले. तेव्हापासून गावाने त्यांना डोक्यावर घेतलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण हा माणूस जिवंत होता तेव्हा तरी कोण बोललं?

अ‍ॅटलासच्या डोंगरातली आमची शाळा दोन खोल्यांची. मास्तरांची रीत ठरलेली. हुशार पोरं पुढे, शेगडीपाशी. ढ पोरं मागे, दाराच्या फटीतून बर्फाचं वारं येतं तिथे. परीक्षेत घसरलं की बाकही मागचा. माझी शेजारीण हद्दा, तिची पोर इत्तो अशी घसरत घसरत भिंतीला जाऊन टेकली. फळा दिसेना म्हणून चुकायची, चुकली म्हणून मागे जायची, आणि मागे गेली की फळा आणखीच पुसट. एवढं माझ्या शेळीलाही कळलं असतं.

कानावर पडलेलं सगळं इत्तोला पाठ. फळ्यावरचं वाच म्हटलं की गप्प. मास्तर म्हणाले, "हिच्या डोक्यात लोकर भरली आहे. गालिच्याच्या मागावर बसवा, तिथे उपयोगी पडेल."

हद्दाला ते पटलं. पीराच्या झऱ्याचं पाणी झालं, काजळ झालं, ताईत झाला. "उन्हाळ्यात शाळेतून काढतेच," ती म्हणाली. "नजर लागली आहे पोरीला."

"असेल. पण आधी तिला दिसतंय का ते तरी बघ, बये."

तिने काही बघितलं नाही. मग मीच इत्तोला मंगळवारच्या बाजारात नेलं. तिथे मोडक्या कुलपांच्या शेजारी ताडपत्रीवर जुन्या चष्म्यांचा ढीग असतो. घालायचा, दिसलं तर घ्यायचा. ढिगापाशी उकिडवे कोण बसलेले? जिलाली मास्तर. झग्याची टोपी कपाळावर ओढलेली, नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्राचं चिटोरं. आम्हाला बघून चष्मा असा टाकला, जसा काही विंचूच.

"बायकोसाठी बघत होतो."

"तिचं नाक एवढं कधी वाढलं, मास्तर?"

म्हणजे इतकी वर्षं हे गृहस्थ पुस्तक समोर धरून पाठ केलेलंच म्हणत होते. आणि डोक्यात लोकर कुणाच्या, तर इत्तोच्या.

इत्तोने तोवर दोन-चार चष्मे घालून पाहिले. एक जाड भिंगाचा घालून ती थांबली. "आजी, त्या पलीकडच्या औषधाच्या दुकानावर 'आज बंद' लिहिलंय."

मास्तरांनी तिकडे पाहिलं. लिहिलं होतं खरं.

"उद्यापासून इत्तो पुढच्या बाकावर," मी म्हणाले.

"तो बाक कमवावा लागतो, आजीबाई."

"बरं. गुरुवारी हमामात गावच्या सगळ्या आया अंग चोळायला येतात. मला बोलायला काहीतरी लागतंच."

मास्तरांनी टोपी आणखी खाली ओढली. "कुणाला काही बोलू नका. बसेल पुढे." मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी इत्तो शेगडीपाशी होती. ढिगातल्या चष्म्याने डोकं दुखतं, म्हणून पुढे शहरातल्या डॉक्टरकडून धड चष्मा करून आणला. हद्दाने मागाचं नाव परत काढलं नाही. इत्तो आता शहरात शिकते. मास्तर मात्र चारचौघांत सांगायचे, "पोरीत चमक आहे, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं." स्वतः चष्मा काही लावला नाही. मान जातो म्हणे. इतर पोरांचे बाकही तसेच राहिले.

मातीला जमलेले लोक म्हणाले, इत्तोला त्यांनी घडवलं. मी चहात साखर ढवळत बसले. मास्तर होते तोवर मी शब्द पाळला.

आज गुरुवार आहे.