लांजेवारांचा कान

माझे वडील नरहरी लांजेवार यांच्या कानाला आमच्या घरात जेवढा मान होता तेवढा देवालाही नव्हता. पूजेची घंटा आई मुठीत आवळून हलवायची, म्हणजे ती वाजायचीच नाही. भांडं पडलं की आम्ही आधी भांड्याकडे न बघता बाबांच्या खुर्चीकडे बघायचो. लग्न होऊन मी गोंदियाला गेले तेव्हा सासूबाई शेजारणीला कौतुकानं म्हणाल्या, सून घरात फिरते पण चाहूल लागत नाही. मला त्या कौतुकाचा असा राग आला की त्या दिवशी मी मुद्दाम कपाटाचं दार धाडकन लावलं. कुणी काही बोललं नाही. कुणी काहीच बोलत नाही, याचंच मला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

बाबा भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका खासगी कारखान्यात फिटर होते. शेडमध्ये दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. कानात कापसाचे बोळे कोंबून ते कामाला जात आणि आल्यावर पहिल्यांदा ते बोळे काढून खिडकीत ठेवत. तिथे त्यांचं नाव होतं. मशीन कुरकुर करायला लागलं की ते खोलायच्या आधी लांजेवारांना बोलावणं यायचं. बाबा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हे गेलं. बदला." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. तिथली ती साहेबी मग ते हुडको कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत आणायचे. नळाची टिपटिप, पंख्याची करकर, माझं पाढे म्हणणं, सगळ्याला एकच निकाल: बंद करा.

त्यात आईचं गाणं बंद झालं, आणि ते मी बाबांना कधी माफ केलं नाही.

आई तुमसरजवळच्या खेड्यातली. कलावती गाणार म्हटलं की हळदीला आजूबाजूच्या गावच्या बायका येऊन बसायच्या, असं मामा सांगायचे. आवाज बारीक, उंच आणि धारदार. भिलाईला आल्यावर ती कॉलनीतल्या बायकांच्या भजनात गायची. एका मंगळवारी भजन आमच्याकडे होतं. बाबा ड्यूटीवरून आले, दारातच उभे राहिले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "कलावती, तुझा आवाज तारेवानी कानात घुसते. बंद कर." टाळ फडक्यात गुंडाळले गेले, प्रसादाची साखर हातावर पडली आणि बायका चपला शोधायला लागल्या. मी पाचवीत होते. बायका गेल्यावर आईनं सतरंजी झटकली, घडी घातली आणि भात टाकला. त्यानंतर तिला गाताना मी ऐकलं नाही.

तर असे हे बाबा रिटायर झाले आणि त्यांना संगीताचं वेड लागलं! कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाला एक छोटा कॅसेट प्लेअर दिला होता, खिशात मावेल एवढा. बंगाली फोरमननं सरोदच्या कॅसेटी दिल्या. प्लेअरसोबत कानाला लावायचे हेडफोन होते, ते बाबांनी डबीतून बाहेरसुद्धा काढले नाहीत. म्हणाले, जन्मभर कानात बोळे कोंबले, आता कानात काही घालणार नाही. मी दिवाळीला माहेरी आले होते. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते सुपेल्याच्या बाजारात निघाले, टेबलावर ठेवायचे स्पीकर घ्यायला. स्कूटर चालवता चालवता मोठ्यानं सांगत होते, "हुडकोत आता चिमण्याच नाही राहिल्या. धुरानं मारून टाकल्या." आमच्या दारातल्या पेरूवर सकाळीच चिमण्यांनी कालवा केला होता. पण बाबांना खोडून काढायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

दुकानदारानं भिलाईच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यात मोठा खोका काढला आणि आवाज शेवटपर्यंत नेला. काउंटरची काच थरथरायला लागली. "अंकल, पूरा मोहल्ला सुनेगा!"

बाबांच्या कपाळावर आठ्या. "मोहल्ले को नहीं सुनाना. मेरे को सुनना है, कुर्सी पे बैठके, हाथभर दूर से."

मग त्यांनी त्या माणसाला शिकवायला घेतलं. प्लेअर लहान, त्याच्यात दम नाही, म्हणून स्पीकर असा पाहिजे की आवाज वाढवायची मशीन त्याच्याच पोटात असावी. पण तीच मशीन वाईट असली तर गाणं नसतानाही घुमत राहते. लांबून ऐकणाऱ्याला ते कळत नाही, हातभर अंतरावर बसणाऱ्याचं डोकं उठतं. म्हणून स्पीकर वाजवून नाही, न वाजवता तपासायचा. "कॅसेट निकालो. अब बटन पूरा घुमाओ."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. रिकामा स्पीकर ऐकायला आलेलं गिऱ्हाईक त्यानं बहुधा पाहिलं नसावं. बाबांनी एकेका जोडीला कान लावला. "ये घूं करता है." बाजूला. "ये भी." बाजूला. त्यांचं बरोबर होतं, ती जाड घूं मला काउंटरच्या अलीकडूनही ऐकू येत होती. शेवटी एका करड्या रंगाच्या लहान जोडीपाशी ते थांबले, डोळे मिटले, बराच वेळ कान लावून राहिले आणि हसले. मीही ऐकून बघितलं. पण मागे रस्त्यावर टेम्पो, शेजारी लाउडस्पीकरवर दिवाळीचा सेल. मला काय कळणार? "हा मुका आहे," बाबा म्हणाले. "असाच पाहिजेन."

घरी आल्यावर मांडामांड सुरू झाली. भिंतीला चिकटवला तर ढबढब करतो, म्हणून टेबल पुढे ओढलं. स्पीकर कानाच्या उंचीला पाहिजे, म्हणून आईचे बसायचे दोन पाट खाली गेले. तिला विचारलंसुद्धा नाही. दोन्ही स्पीकरची तोंडं खुर्चीकडे वळवून वितीनं अंतर मोजलं. मग आवाजाचं बटण पूर्ण फिरवून, कॅसेट न लावता, मला खुर्चीत बसवलं.

"ऐक. काही येते?"

दुपारची वेळ, पंखा बंद, गल्ली सामसूम. दोन्ही स्पीकरमधून एक आवाज स्पष्ट येत होता, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. बारीक, अखंड.

"बाबा, हे तर सूं करतात."

"कोण?"

"दोन्ही. सारखं सूं चाललंय. तुम्हाला येत नाही ऐकू?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "मले? मले ऐकू येत नाही? अवो, जन्मभर बेअरिंग ऐकले मी! दुकानात नव्हता, आता कुठून आला? तुह्याच कानात काहीतरी झालं असन." आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "कलावती! इकडे ये!"

आई पदराला हात पुसत आली. स्पीकरपाशी वाकली. मी तिच्याकडेच बघत होते. तिची नजर झटकन उजव्या स्पीकरकडे गेली आणि मग डाव्याकडे. तिला ऐकू आलं होतं, शंकाच नाही.

"मले तं काहीच नाही येत," ती बाबांना म्हणाली. "चांगले हायेत. असू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर त्या कानापुढे मान तुकवली ते तुकवली, पण आता डोळ्यांदेखत खोटं? तेही माझ्याविरुद्ध? मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"आई, तुला ऐकू आलं. मी बघितलं. मग खोटं कावून बोलली?"

"हळू. तुझा जाडा आवाज ऐकू जाते त्यायले."

"जाऊ दे!"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे पाठ केली, ओट्याकडे तोंड केलं आणि गायला लागली.

गुणगुणणं नाही. हळदीचं गाणं, खड्या गळ्यानं, वरच्या सुरात. पलीकडच्या खोलीत, उघड्या दाराच्या पलीकडे बाबा खुर्चीत बसले होते. मी पाचवीतली होऊन तिचा दंड धरला. "आई! बाबा ऐकतील!"

तिनं ओळ पूर्ण केली. मगच थांबली. आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो. कुणी आलं नाही.

"बारीक आवाज गेले त्यायचे," आई म्हणाली. "आधी चिमण्या गेल्या. मंग दूध उतू जाताना सर्रर करते ते गेलं. मंग एक दिवस मी अशीच काहीतरी म्हणून राहिली होती, आन् मागं पाहतो तं हे दारात उभे. माह्या तं हातातला झारा पडला. तं मले म्हणते, चहा झाला का?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन वर्सं."

"आणि तू सांगितलं नाहीस? आई, सेक्टर नाइनच्या दवाखान्यात दाखवता येईल. कानाचं मशीन मिळतं."

"मिळते ना," आई म्हणाली. "मंग ते मशीन लावतील."

ती कोथिंबीर निवडायला लागली. मला बाबांचा संताप आला, भर बायकांत तिचा गळा दाबला म्हणून. आईचा त्याहून जास्त आला. स्वतःचा आवाज, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि गायची वेळ आली तर चोरासारखं भिंतीकडे तोंड करून! आणि त्यासाठी नवऱ्यानं बहिरं व्हायची वाट बघायची! हे मी तिला दबक्या आवाजात फाडफाड बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

"माहेरी गेली होती भाच्याच्या लग्नात," ती म्हणाली. "सगळे म्हणे, कलावती, गा. नाही निघाला गळा. इथंच निघते, या ओट्यापाशी. आता तुले सांगाचं असन त्यायले तं सांग. बाप हाय तुझा. मी काही म्हणणार नाही."

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. "कमलिनी! इकडे ये!"

मी गेले. सांगायचं ठरवूनच गेले. माणसाचा कान जातो आणि घरातलं कुणी त्याला सांगत नाही, हे तरी कुठलं शहाणपण? बाबा टेबलाशी वाकून बसले होते. कारखान्यातला तो जुना स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी स्पीकरच्या पाठीवर टेकवला होता आणि मूठ कानाशी धरली होती. डोळे मिटलेले. इतका वेळ ते शोधत होते तो आवाज. माझा राग क्षणभर ढिला पडला. त्या माणसाची मला दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला. त्या मंगळवारी त्यांना आईची दया आली होती का?

त्यांनी डोळे उघडले. "खरं सांग, पोरी. बापाले फसवू नोको. येते काही आवाज?"

दोन्ही स्पीकर आईच्या पाटांवर बसून सूं करत होते. आणि आतून आईचं गाणं येत होतं. ती पुन्हा गायला लागली होती. मी सांगणार की नाही हे तिला माहीत नव्हतं, तरी ती गात होती.

"नाही बाबा," मी म्हटलं. "काहीच येत नाही."

"मंग?" बाबा खुर्चीत मागे टेकले. किती दिवसांनी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं. "हा कान हाय, कान. लांजेवारचा."

आत आईनं पुढचं कडवं आणखी वर उचललं.