पुसटमामांची झिजकी अक्षरं

ठसठशीत, कोरी छपाई बघितली की आमच्या पुसटमामांना वाईट वाटायचं. एखाद्या लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरं बघून म्हणायचे, "कशी मख्ख उभी आहेत! काही घडलंच न्हाई यांच्या आयुष्यात." आणि पोस्टाच्या पाकिटावर अर्धा उमटलेला शिक्का दिसला, की तो डोळ्यांजवळ धरून गालातल्या गालात हसायचे. खरं नाव वेगळं होतं, पण सगळी गल्ली त्यांना पुसटमामाच म्हणायची.

नव्या जालन्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं दुकान. आधी त्यांनी कितीतरी वर्षं रबरी शिक्के केले. मग कॉम्प्युटर आला आणि मामा पत्रिका, पाकिटं, जाहिराती करू लागले. पण झिजलेल्या शिक्क्यासारखी मराठी अक्षरं काही त्यांना कॉम्प्युटरमध्ये सापडेनात. "मंग आपणच करू," म्हणाले. एकेका अक्षराचा शिक्का करायचा, कमी शाईत टेकवून उमटवायचा आणि तो कागद स्कॅनरवर ठेवायचा. कागदावर फार नीट उमटतं म्हणून त्यांनी बारदानावर मारून बघितलं, विटेवर मारलं, आणि मामींच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर भला मोठा 'ळ' मारला.

"आता पाव्हण्यांना हे काय म्हणून दाखवू?" मामी ओरडल्या.

"नवा नातू म्हणून दाखव!"

त्यांचा स्वतःचा हात मात्र जड. वर्षानुवर्षं ठोकायची सवय, त्यामुळे अक्षर काळं ठिक्कर उमटायचं. एकदा मी मामींकडे विरजण मागायला गेले, तर मामांनी माझ्याच हातात शिक्का दिला. चौथी शिकलेली मी, चारचौघांत मान वर न करणारी. भीत भीत टेकवला. 'म' कडेनं तुटका, मधे विरळ, असा उमटला. मामा खुर्चीतून उठून नाचलेच. "बघा, बघा! लाजून मारलेला शिक्का! पोरी, तुला सगळी बाराखडी मारायची आहे." मग कितीतरी दुपारी मी शिक्के मारत होते आणि मामा 'वा, वा' करत होते.

त्या अक्षरांतली पहिली पत्रिका बदनापूरच्या एका लग्नाची. कार्यमालकांना नमुना दाखवला होता, पण त्यांना वाटलं, नमुना आहे म्हणून असा आहे. गठ्ठे घरी गेल्यावर त्यांना मामांची दया आली. म्हातारे झाले, शाई पुरली नसेल. कशाला बोलायचं त्यांना? म्हणून सगळं घर बॉलपेन घेऊन बसलं आणि प्रत्येक पत्रिकेतली अक्षरं भरून काढली. नवरीसुद्धा भरत होती म्हणे! वर मामांना पेढ्यांबरोबर शाईची बाटली भेट आली. मामा इतके हसले की मामींनी पाणी आणून दिलं.

पुढे मी बचत गटात येसर करू लागले. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी असते, तिच्यासाठी धान्य आणि मसाला भाजून दळतात, ते. शहरात गटांचं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुझं येसर चांगलं आहे गं, पण तू गिऱ्हाईकाशी बोलतच न्हाईस. यावेळी खपलं न्हाई तर तुझी जागा लोणच्याला." मला रडू आलं. मामा म्हणाले, "तू नको बोलूस. पाकीट बोलेल."

पाकीट झालं. खाकी कागद, मधे गोल शिक्का, त्यात तीच माझ्या हातची तुटकी अक्षरं.

प्रदर्शनात पहिल्याच बाईनं पाकीट उलटंसुलटं केलं. "जुना माल दिसून राह्यला. अक्षरं उडून गेली याच्यावरची."

मी सोबत आलेल्या मामांकडे बघितलं. मामा शेजारच्या टेबलावरचे पापड मोजल्यासारखे निरखत उभे.

"जुनं न्हाई," मी म्हणाले. आवाज मलाच अनोळखी वाटला. "कालच दळलंय. बघा." पाकीट फोडून तिच्या नाकाखाली धरलं. तिनं दोन घेतली. पुढचीनं तेच विचारलं, तिच्या मागचीनंही. दुपारनंतर तर कोणी विचारायच्या आतच मी हाका मारू लागले, "या ताई, अक्षरं फिकी आहेत, आमटी न्हाई!" अध्यक्षबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. संध्याकाळी टेबल रिकामं आणि माझा घसा बसलेला.

"पाकीट बोलणार होतं ना?" मी मामांना विचारलं.

"मंग? त्यानंच सुरुवात केली की बोलायला!"

काही वर्षांनी त्यांच्या मुलानं मामा-मामींना पुण्याला नेलं. निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाला, तरी मामा आमच्या दारात. म्हणाले, "आता धंदा वाढला तुझा. जाता जाता पाकिटावरची अक्षरं भरून, ठळक करून देतो. मंग गिऱ्हाईक 'जुनं का?' म्हणून विचारणार न्हाई."

"हात लावायचा न्हाई, मामा! सांगून ठेवते." भर गल्लीत, टेम्पोवाल्यासमोर, चांगली ओरडले मी.

मामांनी टाळी वाजवली. "अगं, ऐकलंस का?" ते टेम्पोत बसलेल्या मामींना म्हणाले. "माझ्यावर खेकसली ही!" आणि खेकसून घेतलेला तो माणूस अख्खी गल्ली संपेपर्यंत खिडकीतून हात हलवत, हसत गेला.